प्रॉम्प्टनंतरची तीस सेकंदं

एका फाइलची दुसरी प्रत करायला युनिक्सला चारच सिस्टिम कॉल पुरतात. जुनी फाइल उघडायची, नवी तयार करायची आणि मग फेऱ्या मारायच्या: थोडं वाचा, तेवढं लिहा, पुन्हा वाचा. वाचणाऱ्या कॉलने शून्य परत दिलं की फाइल संपली. ३ नोव्हेंबर १९७१ अशी तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये हे कॉल आहेत आणि त्यांच्यावर उभी असलेली ‘सीपी’ ही आज्ञाही आहे.

न्यू जर्सीत मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे सगळं ज्या पीडीपी-११/२० वर चालवत होते, तिची मेमरी २४ किलोबाइट होती. त्यातले १६ सिस्टिमचे, उरलेल्या ८ मध्ये वापरणाऱ्याचा प्रोग्राम. डिस्क ५१२ किलोबाइटची, आणि एक फाइल जास्तीत जास्त ६४ किलोबाइटची. फाइल मेमरीत मावणार नाही हे गृहीतच होतं, ती तुकड्यातुकड्यांनीच न्यावी लागणार. मग तुकडा केवढा घ्यायचा? माझी नोकरीची बहुतेक वर्षं या प्रश्नाच्या आसपास गेली, आणि तो मला आजही जुना झालेला वाटत नाही.

हिशेब सोपा आहे. ६४ किलोबाइटची फाइल एकेका बाइटने न्यायची तर रीड ६५,५३६ वेळा आणि राइटही तितक्याच वेळा. ५१२ बाइटच्या तुकड्यांनी नेली तर दोन्ही १२८ वेळा. प्रत्येक सिस्टिम कॉलला प्रोग्रामला स्वतःचं काम थांबवून सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ताब्यात जावं लागतं. रजिस्टर जपून ठेवायचे, फाइल खरंच याचीच आहे का ते पाहायचं, पत्ता वैध आहे का ते तपासायचं, मग काम, मग परत येताना सगळं पूर्ववत. एक बाइट नेला काय आणि पाचशे नेले काय, हा जाण्यायेण्याचा खर्च तेवढाच. शिवाय डिस्क ५१२ बाइटच्याच ब्लॉकने वाचते आणि लिहिते, तिला एक बाइट देता येतच नाही.

याला एक पर्याय होता आणि थॉम्पसन-रिचींना तो चांगला माहीत होता. १९६९ मध्ये बेल लॅब्ज ज्या मल्टिक्स प्रकल्पातून बाहेर पडली, तिथे फाइल वाचायची किंवा लिहायची गरजच नव्हती. फाइल हा मेमरीचाच एक भाग म्हणून समोर यायची. प्रोग्रामने पत्त्यावर हात घातला की सिस्टिम ते पान डिस्कवरून आणून द्यायची. कल्पना देखणी होती, पण तिला अवजड हार्डवेअर लागायचं. युनिक्सने ती सोडली आणि उघडउघड ‘मला एवढे बाइट दे’, ‘हे एवढे बाइट घे’ असं सांगणारे कॉल ठेवले. लहान मशीनसाठी घेतलेला हा निर्णय पन्नास वर्षं टिकला, तो मला कायम धाडसाचा वाटत आलेला आहे.

जुलै १९७४ मध्ये या दोघांचा युनिक्सवरचा प्रसिद्ध निबंध एसीएमच्या मासिकात आला. त्यात एक गोष्ट त्यांनी सरळ मांडली आहे: वापरणाऱ्याला वाचणं-लिहिणं तत्काळ झाल्यासारखं दिसतं, पण आत बफरांची बरीच गुंतागुंतीची व्यवस्था आहे आणि तिच्यामुळे डिस्कच्या फेऱ्या पुष्कळ वाचतात. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत हे बफर होते फक्त १५, प्रत्येक ५१२ बाइटचा. साडेसात किलोबाइटची ती जागा, आणि सगळ्या टर्मिनलांवरच्या सगळ्यांचं वाचणं-लिहिणं तिच्यातून जायचं.

त्या आवृत्तीतलं लिहिण्याचं फंक्शन मी कितीतरी वेळा वाचलं आहे. त्यात दोन बारकावे आहेत. पहिला असा, की तुम्ही पूर्ण ५१२ बाइट दिलेत तर कर्नल नुसता एक रिकामा बफर घेतो आणि भरतो. कमी दिलेत तर आधी तो ब्लॉक डिस्कवरून वाचतो, कारण उरलेला मजकूर शाबूत ठेवायचा असतो. म्हणजे ५०० बाइटच्या तुकड्यांनी लिहिणाऱ्याला प्रत्येक ब्लॉकसाठी वाचनाचा भुर्दंड. दुसरा बारकावा असा, की लिहिता लिहिता ब्लॉकची कड गाठली तर डिस्कवर पाठवणी लगेच सुरू होते, मात्र पूर्ण होण्याची वाट पाहिली जात नाही. ब्लॉक अर्धवट असेल तर पाठवणीच पुढे ढकलली जाते, कारण उरलेला मजकूर मागोमाग येत असणार. इतक्या थोड्या ओळींत माणसाच्या वागण्याचा एवढा विचार केलेला पाहिला की मला त्या लोकांबद्दल आदर वाटतो.

न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये या आवृत्तीच्या नऊ हजारांच्या आसपास ओळींवर भाष्य लिहिलं. एटी अँड टीने सातव्या आवृत्तीपासून वर्गात हा सोर्स शिकवायला बंदी केली, आणि मग त्या भाष्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स जगभर फिरल्या. राजरोस छापील पुस्तक यायला १९९६ उजाडलं. माझ्या पिढीला पुण्यात हे ज्ञान बहुधा दुसऱ्या वाटेने आलं: मॉरिस बाख यांचं १९८६ चं पुस्तक, प्रेंटिस हॉल ऑफ इंडियाची स्वस्त आवृत्ती, अप्पा बळवंत चौकातून घेतलेली. त्यातलं तिसरं प्रकरण सगळं बफर कॅशवर आहे. माझ्या प्रतीत त्या पानांच्या कडा बाकीच्यांपेक्षा काळ्या झाल्या आहेत.

बफरांच्या या व्यवस्थेचा अर्थ सरकारी कचेरीतल्या आवक खिडकीशी ताडून पाहावा. तुम्ही अर्ज देता, कारकून पोचेवर शिक्का मारतो. शिक्का खरा असतो, अर्ज त्यांच्याकडे पोचलेला असतो. साहेबांच्या टेबलावर तो गेला, असा त्या शिक्क्याचा अर्थ नसतो. राइट कॉलने ‘५१२ बाइट लिहिले’ म्हणून परत येणं हे पोचेसारखं आहे. डिस्कवर जाणं नंतर. जुन्या युनिक्समध्ये ‘अपडेट’ नावाचा एक छोटा प्रोग्राम दर ३० सेकंदांनी उठून ‘सिंक’ करायचा, म्हणजे साचलेले सगळे बफर डिस्ककडे रवाना करायचा. वेग आला तो या तीस सेकंदांतून. धोकाही तिथेच.

मी नोकरीला लागले तेव्हा हे धडे पुस्तकात राहिले नाहीत. भोसरीच्या एका कारखान्यात ३८६ च्या एका मशीनवर स्को युनिक्स होतं आणि त्याला सिरियल तारांनी जोडलेली टर्मिनलं स्टोअर, पगार, डिस्पॅच अशा विभागांत ठेवलेली होती. वीज जायची. यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या होत्या. संध्याकाळी स्टोअरमधला मुलगा दिवसाच्या नोंदींची फाइल दुसऱ्या डिरेक्टरीत कॉपी करायचा आणि मला हाक मारायचा, “मॅडम, प्रॉम्प्ट आला. बंद करू का मशीन?” मी सांगायचे, “थांब, आधी सिंक दे. एकदा देऊन झालं की परत दे.” तो विचारायचा, “दोनदा कशाला?” प्रश्न योग्य होता. जुन्या सिस्टिमवर सिंकसुद्धा काम सुरू करून परत यायचं, संपेपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्यांदा टाइप करण्यात जो वेळ जायचा, त्यात पहिल्याचं काम बरंचसं उरकायचं. जगभरच्या ऑपरेटरांना ही दोनदा-तीनदा सिंक देण्याची सवय होती, आणि तिला कारण होतं.

गुरुवारी औद्योगिक वसाहतीची सुट्टी, म्हणून बुधवारी रात्री पूर्ण बॅकअप. पाव इंची टेपच्या १५० मेगाबाइटच्या काडतुसांवर तो घ्यायचा. टेप ही डिस्कसारखी धीराची नसते. ती एका वेगाने धावत असते आणि धावत असताना तिला सतत डेटा मिळत राहावा लागतो. मिळाला नाही तर थांबते, मागे जाते, जागा शोधते आणि पुन्हा धाव घेते. असं वारंवार झालं की ड्राइव्हमधून घर्र, टक्, घर्र असा आवाज यायचा. तो ऐकूनच कळायचं की आज रात्री घरी जायला उशीर. कारण एकच: डिस्कवरून लहान लहान तुकडे उचलायचे आणि तेवढेच टेपला द्यायचे. मधल्या काळात टेप उपाशी.

उपाय ‘डीडी’ने दिला. ही आज्ञा १९७४ च्या पाचव्या आवृत्तीत आली. तिची भाषा बाकीच्या युनिक्ससारखी नाही, कारण नावापासूनच ती आयबीएमच्या मोठ्या मशीनवरच्या जॉब कंट्रोलमधल्या ‘डीडी’ विधानाच्या वळणाची आहे. आयबीएमच्या टेपा वाचून त्यांची अक्षरं एबसिडिकमधून आस्कीत आणणं, ठरावीक मापाचे ब्लॉक करणं, ही तिची मूळ कामं. तिच्यात ब्लॉकचं माप आपण सांगायचं. न सांगितलं तर ५१२, आणि हे आजही तसंच आहे. मी फाइली एकत्र बांधणाऱ्या ‘सीपीआयओ’तून निघालेला प्रवाह पाइपने डीडीकडे दिला आणि डीडीला मोठा ब्लॉक जमवून मगच टेपवर टाकायला सांगितलं. ड्राइव्ह एकसुरी घरघरू लागला आणि बॅकअपचा वेळ निम्म्याहून खाली आला. यंत्र तेच, टेप तीच, डेटा तोच. सिस्टिम कॉलला दिलेला एक आकडा तेवढा बदलला होता.

बर्कलेतल्या लोकांनी हाच धडा डिस्कसाठी फार आधी मोजून ठेवला होता. मार्शल कर्क मॅक्युसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफलर आणि रॉबर्ट फॅब्री यांचा फास्ट फाइल सिस्टिमवरचा निबंध १९८४ मध्ये आला. मूळ ५१२ बाइटच्या ब्लॉकवर चालणारी फाइल सिस्टिम डिस्कच्या क्षमतेच्या साधारण २ टक्केच वापरत होती. ब्लॉक १,०२४ केला तर ४ टक्के. नवी कोरी असताना सेकंदाला १७५ किलोबाइट देणारी सिस्टिम काही आठवड्यांच्या वापरात ३० किलोबाइटवर यायची, कारण मोकळ्या ब्लॉकांची यादी विस्कटत जायची आणि एकाच फाइलचे ब्लॉक डिस्कभर विखुरले जायचे. त्यांनी ब्लॉक ४,०९६ किंवा त्याहून मोठा केला, एका फाइलचे ब्लॉक जवळजवळ ठेवले आणि डिस्कची ४७ टक्क्यांपर्यंत क्षमता वापरून दाखवली. मोठा ब्लॉक आधी कोणी का घेतला नाही, याचंही उत्तर त्याच निबंधात आहे. युनिक्सवरच्या बहुतेक फाइली बारक्या असतात, ४,०९६ चा ब्लॉक सरसकट वापरला तर डिस्कची ४५ टक्क्यांहून अधिक जागा वाया जात होती. म्हणून त्यांनी ब्लॉकचे तुकडे करून शेवटचा उरलेला भाग लहान तुकड्यात ठेवायची सोय केली. वेग आणि जागा यांची सांगड घालणारं इतकं नेटकं काम या क्षेत्रात मी क्वचितच पाहिलं आहे.

तुकड्याच्या मापाचा हा शोध अजून संपलेला नाही. ग्नूच्या सीपीच्या सोर्समध्ये २०२४ पर्यंत एक टिप्पणी होती: मे २०१४ पर्यंतच्या मोजणीनुसार सिस्टिम कॉलचा खर्च कमीत कमी करायला १२८ किलोबाइट हे किमान माप ठरवलं आहे. खाली वेगवेगळ्या मशीनवरचे आकडे. माप कसं घ्यायचं त्याची आज्ञाही दिली आहे, हवं तर तुम्ही स्वतः ताडून पाहा. मी नव्या मुलांना ती फाइल वाचायला लावते. आपला आकडा कुठून आला हे सांगणारा सोर्स दुर्मीळ असतो.

दुसरा शोध कॉलच्या संख्येचा नव्हता, हलवाहलवीचा होता. रीड-राइटच्या फेरीत एकच मजकूर दोनदा उचलला जातो. डिस्कवरून तो कर्नलच्या बफरात येतो, तिथून प्रोसेसर तो प्रोग्रामच्या बफरात नेतो, तिथून परत कर्नलच्या दुसऱ्या बफरात, आणि मग डिस्कवर. प्रोग्रामला त्या मजकुराकडे पाहायचंही नसतं, तरी तो त्याच्या दारावरून जातो. यावर पहिला उतारा म्हणजे मल्टिक्सचीच जुनी कल्पना नव्या रूपात: एम-मॅप. बर्कलेच्या १९८३ च्या ४.२ आवृत्तीच्या कागदपत्रांत तिचं वर्णन होतं, प्रत्यक्षात तिथे ती पुष्कळ उशिरा आली. सनने १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये ती चालवून दाखवली. मूळ फाइल मेमरीत दिसू लागली की तोच पत्ता राइटला देता येतो, एक उचल वाचते. पण पान मेमरीत नसेल तर दरवेळी पेज फॉल्टचा खर्च, आणि कॉपी चालू असताना कोणी मूळ फाइल आखूड केली तर प्रोग्राम जागच्या जागी मरतो. साध्या रीडला तेव्हा फक्त शून्य मिळालं असतं.

मग लिनक्समध्ये सेंडफाइल आलं, २.२ च्या सुमारास, १९९९ मध्ये. ते मुख्यतः वेबसर्व्हरसाठी होतं. फाइलमधून फाइलमध्ये नेण्याची मुभा त्यात मधल्या काळात काढली गेली आणि २.६.३३ मध्ये परत दिली. जून २००६ मध्ये जेन्स अॅक्सबो यांनी स्प्लाइस आणलं, ज्याची मूळ कल्पना लॅरी मॅकव्हॉय यांची. त्यात पाइप हाच कर्नलमधला बफर मानून पानांची नुसती मालकी बदलायची. हे सगळं हुशारीचं होतं, पण रोजच्या फाइल कॉपीत त्यातलं फारसं रुजलं नाही.

भारतातल्या कामाचा धागा इथे खरोखर लागतो. २००३ च्या ओटावा लिनक्स परिषदेत बंगळुरूच्या आयबीएममधल्या सुपर्णा भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्समधल्या असिंक्रोनस वाचन-लेखनावर निबंध वाचला. प्रोग्रामने काम सोपवून पुढे जायचं आणि झाल्याची वर्दी नंतर घ्यायची, ही व्यवस्था फाइलींसाठी नीट बसवणं किती अवघड आहे हे त्यातून दिसतं. २००७ मध्ये २.६.२३ कर्नलबरोबर आलेला ‘एफ-अॅलोकेट’ हा सिस्टिम कॉल आयबीएमच्याच अमित अरोरा यांच्या कामातून उभा राहिला. मोठी फाइल कॉपी करण्याआधी नव्या फाइलची जागा तो एका फटक्यात राखून ठेवतो. ब्लॉक विखुरत नाहीत, आणि डिस्क भरलेली असेल तर नव्वद टक्के काम झाल्यावर कळण्याऐवजी सुरुवातीलाच कळतं. पुण्यात व्हेरिटासपासून पुढे स्टोरेजचं काम करणारी मोठी बिरादरी उभी राहिली. मी कारखाना सोडून त्याच क्षेत्रात आले, आणि जागा आधी राखण्यावरून आमच्या टेबलाभोवती झालेल्या चर्चा मला अजून आठवतात.

आता पुढे ढकललेल्या कामाकडे परत येते, कारण सगळे कठीण प्रसंग तिथेच घडले.

लिनक्सची एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम वेगवान झाली, त्याचं एक कारण असं की ती मजकूर घेते तेव्हा डिस्कवर त्याची जागासुद्धा ठरवत नाही. प्रत्यक्ष लिहायची वेळ आली की मग ठरवते, तोवर पूर्ण फाइल समोर असते आणि सलग जागा देता येते. २००९ च्या सुरुवातीला उबुंटूची नवी आवृत्ती तपासून पाहणाऱ्या लोकांच्या लक्षात आलं की मशीन अचानक बंद पडलं तर परत सुरू झाल्यावर कितीतरी फाइली शून्य बाइटच्या सापडतात. डेस्कटॉपच्या सेटिंग्जच्या फाइली रिकाम्या. ते प्रोग्राम जुनी फाइल रिकामी करून नवा मजकूर लिहीत, किंवा नव्या फाइलीत लिहून तिला जुनं नाव देत, आणि मध्ये ‘एफसिंक’, म्हणजे एका फाइलचा मजकूर डिस्कवर जाईपर्यंत थांबणारा कॉल, करत नसत. जुन्या एक्स्ट३ वर हे सहसा निभावून जायचं, तिथे नियमाने पाच सेकंदांत मजकूर डिस्कवर जात असे. नव्या व्यवस्थेत खिडकी मोठी झाली. एक्स्ट४ सांभाळणारे थिओडोर चो यांचं म्हणणं होतं की पॉझिक्स या मानकाने कधीच तसं वचन दिलेलं नाही, मजकूर टिकायला हवा असेल तर एफसिंक करा. तरीही त्यांनी २.६.३० मध्ये अशा दोन्ही वेळी कर्नल लगेच जागा ठरवून मजकूर पाठवेल अशी तजवीज केली. मला दोन्ही गोष्टी योग्य वाटतात. नियम त्यांच्या बाजूला होता, आणि ज्यांच्या फाइली गेल्या त्यांना नियम माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

२०१८ मध्ये तर एफसिंकवरचाच भरवसा हलला. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांसमोर क्रेग रिंगर यांनी प्रकरण आणलं: डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्सचा एफसिंक ती एकदा सांगतो, पण ते पान स्वच्छ म्हणून नोंदवून टाकतो. पुन्हा एफसिंक केलं तर उत्तर मिळतं, सगळं ठीक. पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करून पुढे जात होतं. पुढच्या वर्षी त्यांनी नियम बदलला: एफसिंक एकदा चुकला की डेटाबेस बंद पाडायचा आणि नोंदवहीतून पुन्हा उभा करायचा.

आणि पोकळ फाइली. युनिक्समध्ये फाइलीत पुढे उडी मारून लिहिता येतं, मधली न लिहिलेली जागा डिस्कवर घेतलीच जात नाही, वाचताना मात्र शून्यं दिसतात. साध्या रीड-राइटने अशी फाइल कॉपी केली की ती शून्यं खरीखुरी लिहिली जातात आणि एवढीशी फाइल डिस्क भरून टाकते. म्हणून सीपीने फाइल सिस्टिमलाच विचारायला सुरुवात केली: मजकूर कुठे आहे, पोकळी कुठे? २०११ मध्ये यासाठी ‘फायमॅप’ वापरायला घेतलं आणि लगेच अडचण आली. नुकत्याच लिहिलेल्या फाइलला अजून जागाच दिलेली नसते, म्हणून उत्तर यायचं की इथे काही नाही. सीपी त्यावर विश्वास ठेवून रिकामी कॉपी करायचं. पुढे पोकळी शोधण्याचा सोलॅरिसकडून आलेला नीट मार्ग लिनक्सनेही घेतला आणि सीपी ज्या संचात येतं त्या कोअरयुटिल्सच्या सप्टेंबर २०२१ च्या ९.० आवृत्तीत फायमॅप काढून टाकलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मात्र तीच कथा नव्या ठिकाणी. ओपनझेडएफएस या फाइल सिस्टिमवर जेंटू लिनक्स वापरणाऱ्यांना कॉपी केलेल्या फाइलींत शून्यांचे पट्टे सापडले. संशय पहिल्यांदा २.२.० मध्ये नव्याने आलेल्या ब्लॉक क्लोनिंगवर गेला, २.२.१ मध्ये ते बंद केलं, तरी दोष उरला. शेवटी कळलं की नुकत्याच बदललेल्या फाइलची ‘हिच्यात अजून न लिहिलेलं काही आहे का’ ही तपासणी एका निसटत्या क्षणी चुकीचं उत्तर देत होती, आणि हे वर्षानुवर्षं तसंच होतं. नवं सीपी पोकळीबद्दल विचारू लागलं म्हणून ते उघडं पडलं. २.२.२ आणि २.१.१४ मध्ये दुरुस्ती आली. बारा वर्षांच्या अंतराने, वेगळ्या फाइल सिस्टिमवर, वेगळ्या माणसांच्या हातून, मूळ तेच: लिहून झालं असं म्हटलेलं आणि प्रत्यक्ष न लिहिलेलं, या दोहोंच्या मधली जागा.

आज सीपी चालवलं आणि एसट्रेसने त्याचे कॉल पाहिले तर रीड-राइट कदाचित दिसणारही नाहीत. बीटीआरएफएस किंवा एक्सएफएसवर सीपी आधी क्लोन मागतं: नवी फाइल जुन्याच ब्लॉकांकडे बोट दाखवते आणि कोणी एकात बदल केला की मगच तो ब्लॉक वेगळा होतो. दहा गिगाबाइटची फाइल डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. ते जमलं नाही तर ‘कॉपी-फाइल-रेंज’, मार्च २०१६ च्या लिनक्स ४.५ मधला कॉल, ज्यावर झॅक ब्राउन आणि अॅना शूमेकर यांनी काम केलं. याची भाषा मला फार आवडते. प्रोग्राम फक्त सांगतो की या फाइलमधले इतके बाइट त्या फाइलीत जावेत, कसे ते तुम्ही ठरवा. एनएफएस ४.२ वर दोन्ही फाइली सर्व्हरवर असतील तर मजकूर तारेवरून माझ्या मशीनपर्यंत येतच नाही, सर्व्हर स्वतःच उरकतो. पण २०१९ च्या ५.३ मध्ये हा कॉल वेगवेगळ्या फाइल सिस्टिमच्या मध्येही चालू केला आणि २०२१ मध्ये निकोलस ब्वाशा यांनी दाखवून दिलं की कर्नल जिथे मजकूर जागेवर तयार करतो अशा फाइलींची लांबी शून्य दिसते, म्हणून त्यांची कॉपी रिकामी होते आणि चूकही सांगितली जात नाही. २०२२ च्या ५.१९ मध्ये ती मोकळीक आखडली गेली.

क्लोनबद्दल एक गोष्ट बॅकअप घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवी, आणि मी ती जमेल तिथे सांगत असते. क्लोन केलेल्या दोन फाइलींचा डिस्कवरचा ब्लॉक एकच असतो. तो ब्लॉक बिघडला तर दोन्ही फाइली बिघडतात. सुरक्षिततेसाठी दुसरी प्रत हवी असेल तर ‘--रिफ्लिंक=नेव्हर’ असं स्पष्ट सांगावं, आणि खरं तर दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. भोसरीत आमची डिस्क एकच होती, म्हणून टेप लागायची.

आणि ग्नूचं सीपी आजही शेवटी एफसिंक करत नाही. प्रॉम्प्ट येतो तेव्हा मजकूर कर्नलकडे असतो, तो डिस्कवर असेलच असं नाही. २०१५ पासून ‘सिंक’ या आज्ञेला फाइलचं नाव देता येतं, ती फक्त त्या फाइलसाठी थांबते आणि काही चुकलं तर सांगते. डीडीला ‘कॉन्व्ह=एफसिंक’ दिलं की तेही परतण्याआधी थांबतं. पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी, बॅकअपची डिस्क सोडवण्यापूर्वी, यातलं एक द्यावं. जुन्या मशीनवर ते दोनदा द्यावं लागायचं, लिनक्सवर एकदा पुरतं.